घास अडकण्याआधी

"दिवाळीपासून घास गळ्याखाली उतरंना, डॉक्टर."

भगूरच्या बाजूच्या एका गावातल्या मावशी समोर बसून हे सांगत होत्या, तेव्हा अक्षय्य तृतीया होऊन गेली होती. म्हणजे सहा महिने. त्या सहा महिन्यांत काय काय केलं, ते त्यांनी अगदी क्रमानं सांगितलं. आधी भाकरीचा घास लहान केला. मग भाकरी आमटीत चुरून खाऊ लागल्या. मग भाकरी सुटली आणि भात आला. भातही अडकू लागला तेव्हा पेज. आता नुसतं दूध आणि चहा. घरात कुणाच्या ते ध्यानात आलं नाही, कारण सगळ्यांना वाढून झाल्यावर त्या एकट्या चुलीपाशी बसून जेवायच्या. "भागत होतं ना," त्या म्हणाल्या, "म्हणून आले नाही." आणि छातीच्या मधोमध बोट टेकवून त्यांनी अडकण्याची जागा दाखवली. दुर्बिणीतही गाठ जवळपास तिथंच दिसली. तोवर ती अन्ननलिकेची भिंत ओलांडून बाहेर गेली होती. पातळ अन्न पोटात जावं एवढ्यासाठी त्यांना जाळीची नळी बसवावी लागली.

हे पुस्तक मी त्यांच्यामुळे लिहायला घेतलं. पण ते ज्या उपचाराविषयी आहे, तो त्यांना मिळू शकला नाही. अन्ननलिका, जठर आणि जठराला लागून असलेला लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग, म्हणजे ड्युओडेनम, यांच्यातल्या गाठी छाती-पोट न उघडता, तोंडावाटे घातलेल्या दुर्बिणीतून मुळासकट सोलून काढता येतात. माणूस काही दिवसांत घरी येतो आणि त्याची अन्ननलिका, त्याचं जठर जागच्या जागी राहतं. मात्र गाठ वरच्या अस्तरातच असली पाहिजे, आणि अस्तरातल्या गाठीनं घास अडकत नाही. सगळी अडचण इथं आहे.

ती नीट समजून घेऊ. मोठ्या माणसाची अन्ननलिका सुमारे २५ सेंटीमीटर लांब असते आणि घास आला की चांगली रुंदावते. आतला मार्ग साधारण १३ मिलिमीटरच्या आत आला की घट्ट अन्न हमखास अडकू लागतं. तोवर शरीर सांभाळून घेतं, आणि मग माणूसही सांभाळून घेतो: घास बारीक करतो, वर पाणी पितो, भाकरीऐवजी भात खातो. शिवाय अन्नमार्गाच्या अस्तराला कापल्याचं दुखणं कळतच नाही. बोटाला सुई टोचली की आपण हात झटकतो. अस्तरावर दोन सेंटीमीटरचा कॅन्सरचा चट्टा पसरला तरी आतून कसलीही हाक येत नाही.

मी ज्या गावात दवाखाना चालवतो, त्या देवळाली कॅम्पचं वाट पाहण्याशी फार जुनं नातं आहे. इंग्रजांच्या काळात नोकरीची मुदत संपलेले गोरे शिपाई इथल्या छावणीत मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत पडून असायचे. काम नाही, ऊन रणरणतं, जहाज कधी येईल ते माहीत नाही. त्यातून डोकं फिरलेल्या माणसासाठी इंग्रजीत 'डूलाली' हा शब्द रुजला. तो आपल्या देवळालीचाच अपभ्रंश आहे, आणि त्याच्या जुन्या रूपात पुढं आपला 'ताप'ही जोडलेला होता. त्यानंतर इथं आरोग्यभवनं उभी राहिली. मुंबईच्या पारशी आणि गुजराती दानशूरांनी बांधलेल्या त्या सॅनिटोरियमच्या वास्तू लॅम रोडच्या आसपास आजही दिसतात. उंच छत, रुंद व्हरांडे, पुढं झाडी. क्षयावर औषध नव्हतं तेव्हा कोरडी हवा, दूध, अंडी आणि विश्रांती एवढंच डॉक्टरांच्या हाती होतं. तेव्हा वाट पाहणं हाच उपचार होता आणि त्यानं काहीजण खरोखर बरे होत. 'चार महिने हवापालट करा, बरं वाटेल' हा सल्ला या मातीत इतका मुरलाय, की आजही छातीत जळजळ होते, वजन उतरतंय असं सांगत मुंबईची माणसं नातेवाइकांकडे 'हवा बदलायला' येतात. मला ती भेटतात आणि माझ्या पोटात गोळा येतो.

आता दुसरी हकिगत. कॅम्पातच राहणारे एक निवृत्त गृहस्थ. तरुणपणी विडी भरपूर ओढलेली. दहा वर्षांपूर्वी जिभेच्या कडेचा कॅन्सर काढलेला, त्यानंतर विडी सुटलेली. त्यांना काहीही त्रास नव्हता. केवळ जुना इतिहास पाहून मी त्यांना दुर्बिणीचा तपास करून घ्यायला लावलं. तंबाखूचा धूर आणि रस ज्या वाटेनं गेलेला असतो, त्या सगळ्या वाटेचं अस्तर बिघडण्याच्या बेतात असतं. म्हणून तोंडाचा कॅन्सर झालेल्या माणसाची अन्ननलिकाही पाहायला हवी. ते जायला तयार नव्हते. "गिळताना काही होत नाही, मग कशाला?" हाच प्रश्न. शेवटी मुलीनं हट्ट धरला म्हणून गेले.

साध्या उजेडात त्यांची अन्ननलिका जवळजवळ निर्दोष दिसत होती, एका ठिकाणी किंचित लाली होती एवढंच. मग तपासणाऱ्या डॉक्टरांनी आयोडीनचं पातळ द्रावण आत फवारलं. निरोगी अस्तराच्या पेशींत ग्लायकोजेन नावाची साखर साठलेली असते. आयोडीन लागताच ती गडद तपकिरी होते. बिघडलेल्या पेशींनी ती साखर संपवलेली असते, त्यामुळे तो भाग रंगत नाही. तपकिरी पडद्यावर दोन-अडीच सेंटीमीटरचा फिकट पिवळसर डाग लख्ख उमटला. क्षणापूर्वी तिथं काहीच नव्हतं! मी तो फोटो पाहिला आहे. आणखी दीड-दोन वर्षांनी या डागानं काय केलं असतं, हे मावशींमुळे मला माहीत होतं.

तुकडा तपासला, अगदी सुरुवातीचा कॅन्सर निघाला. ते नाशिकरोडहून पंचवटी एक्सप्रेसनं मुंबईला गेले आणि तिथल्या एका मोठ्या रुग्णालयात दुर्बिणीतून तो डाग काढला गेला.

काढतात कसा, हे मी पेशंटांना भाकरीवरून सांगतो. तव्यावरची भाकरी विस्तवावर टाकली की आत वाफ धरते आणि पापुद्रा सुटून वर येतो. अन्ननलिकेची भिंत जेमतेम तीन मिलिमीटर जाडीची, पण तिलाही असेच थर असतात. सर्वांत आत नाजूक अस्तर, त्याखाली भुसभुशीत जोडथर, त्याखाली स्नायू. जठराला बाहेरून आणखी एक पातळ आवरण असतं. अन्ननलिकेला तेही नाही, म्हणून तिथं हात जपून चालवावा लागतो. दुर्बीण आपल्या करंगळीहून बारीक असते. तिच्या पोटातून तीन-चार मिलिमीटरची एक पोकळ वाट टोकापर्यंत जाते आणि सगळी हत्यारं त्या वाटेनं आत सरकतात. आधी डागाभोवती विजेच्या टोकानं ठिपके देऊन हद्द आखतात. मग बारीक सुईनं जोडथरात सलाइनसारखं द्रावण सोडतात आणि अस्तर फुगून स्नायूपासून अलग होतं. हाच तो पापुद्रा. मग हद्दीबाहेरून गोल छेद घेतात आणि फुगलेल्या जोडथरातले धागे एकेक करून कापत अख्खा डाग सोलून काढतात. अन्ननलिका फुगवायला साध्या हवेऐवजी कार्बन डायऑक्साइड वापरतात, कारण तो शरीरात लवकर शोषला जातो. काम तासाभरात होतं किंवा तीन-चार तासही चालतं. पेशंट भुलीखाली असतो.

भाकरी एखाद्या जागी चिमटली गेली की तिथला पापुद्रा सुटत नाही. गाठीचंही तसंच आहे. तिनं खाली मूळ धरलं असेल, तर द्रावण सोडल्यावर आजूबाजूचं अस्तर उचललं जातं आणि गाठ जागेवरच बसून राहते. हात थांबवण्याची ती खूण असते. पूर्वी अर्धवट तुकडे काढलेल्या, डाग पडलेल्या जागीही असंच होतं. म्हणून नुसती शंका आली तरी भाराभर तुकडे काढू नयेत, जिथं पुढचा उपचार होणार आहे तिथल्या डॉक्टरांना आधी विचारावं, असं मला कळकळीनं सांगावंसं वाटतं.

इथवर पोचायला वैद्यकाला शंभराहून जास्त वर्षं लागली. जिवंत माणसाच्या जठरात तोंडावाटे नळी घालून पहिल्यांदा डोकावले ते जर्मनीतल्या फ्रायबर्गचे अॅडॉल्फ कुसमाउल, १८६८ साली. त्यांची नळी सरळ आणि ताठ होती, म्हणून तलवार गिळण्याचे खेळ करणारा माणूस त्यांनी गाठला. मान मागं टाकून नळी आत घेणं त्यालाच जमणार! पण आत उजेड पुरेसा पोचेना. १९३२ साली रुडॉल्फ शिंडलर यांनी टोकाकडे थोडी वाकणारी दुर्बीण आणली. १९५० साली जपानमध्ये डॉ. तात्सुरो उजी आणि ऑलिंपस कंपनीच्या अभियंत्यांनी जठरात उतरणारा छोटा कॅमेरा बनवला. फोटो काढायचा, बाहेर आणायचा, फिल्म धुवायची आणि मग पाहायचं.

खरी कोंडी फोडली ती काचेच्या धाग्यांनी, आणि ही गोष्ट सांगताना मला फार बरं वाटतं. पंजाबातल्या मोगा इथं जन्मलेले नरिंदरसिंग कपानी लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात हॅरल्ड हॉपकिन्स यांच्या हाताखाली काम करत होते. केसासारख्या काचतंतूंची जुडी वाकवली तरी या टोकाचं चित्र त्या टोकाला पोचतं, हे दोघांनी १९५४ साली 'नेचर'मध्ये छापून दाखवलं. तो लेख वाचून बेसिल हिर्शोविट्झ हे तरुण डॉक्टर पेटून उठले. अमेरिकेत मिशिगनमध्ये विल्बर पीटर्स आणि लॅरी कर्टिस यांच्याबरोबर त्यांनी लवचिक दुर्बीण बनवली आणि १९५७ साली ती पहिल्यांदा स्वतःच्या घशातून खाली उतरवली. मग पेशंटच्या. कपानींना पद्मविभूषण मिळालं ते मरणोत्तर, २०२१ साली. आमच्याकडे लोक एंडोस्कोपीला 'दुर्बीण टाकणं' म्हणतात. दुर्बीण म्हणजे लांबचं दाखवणारी. आपल्याच पोटाइतकं लांबचं, न दिसणारं दुसरं काय असतं? हा शब्द मला योग्य वाटतो आणि या पुस्तकात मी तोच वापरला आहे.

पाहता आलं की हात शिवशिवणारच. साठीच्या दशकाअखेर तारेचा फास टाकून देठाचे कोंब कापणं सुरू झालं. पण सपाट चट्ट्याला फास बसत नाही. १९८४ साली जपान्यांनी खाली द्रावण सोडून चट्टा उचलायची आणि मग फास टाकायची रीत मांडली. त्यात दोन सेंटीमीटरपर्यंतचा डाग एकसंध निघे, मोठा असेल तर तुकड्यातुकड्यांनी. आणि तुकडे म्हणजे फाडलेली चिठ्ठी. कडा कुठली, मधला भाग कुठला, मागं काही राहिलं का, हे पॅथॉलॉजिस्टला सांगता येत नाही. नव्वदीच्या दशकात टोकियोच्या राष्ट्रीय कॅन्सर केंद्रातल्या डॉक्टरांनी विजेच्या सुरीच्या टोकाला चिनी मातीचा इवलासा मणी बसवला. मण्यातून वीज जात नाही, त्यामुळे टोक स्नायूत घुसून भोक पडण्याची धास्ती कमी झाली आणि आडवं सोलत जाणं शक्य झालं. एवढ्याशा मण्यानं मोठमोठे डाग एकसंध निघू लागले.

हे सगळं जपानातच का घडलं? तिथं जठराचा कॅन्सर फार. म्हणून त्यांनी तो शोधायला स्वतःहून सुरुवात केली, दुखण्याची वाट न पाहता. १९६२ सालीच त्यांनी 'सुरुवातीचा जठर-कॅन्सर' म्हणजे काय याची व्याख्या ठरवली आणि उंच, सपाट, खोलगट असे त्याचे प्रकार पाडले. डोळा तयार झाला आणि मागोमाग हात तयार झाला. आपल्याकडे आज हात तयार आहेत. मुंबईत दुर्बिणीतून उपचार करण्याची विद्या ज्यांनी वाढवली आणि शिकवली त्यांत डॉ. अमित मायदेव यांचं नाव ठळक आहे. त्यांना २०१३ साली पद्मश्री मिळाली. हैदराबादचे डॉ. नागेश्वर रेड्डी यांना २०२५ साली पद्मविभूषण. ही विद्या पुस्तकातून येत नाही. शिकणारे आधी डुकराच्या जठरावर हात बसवतात, जाणत्यांशेजारी महिनोन्‌महिने उभे राहतात. उणीव आहे ती सुरुवातीच्या पेशंटांची. हात वाट पाहतात आणि दारात मावशी येतात.

काढलेल्या पापुद्र्याचं पुढं काय होतं, हे बहुतेकांना माहीत नसतं. तो कॉर्कच्या किंवा तशाच मऊ पाटीवर टाचण्यांनी ताणून बसवतात, कडा सरळ करतात आणि पॅथॉलॉजिस्ट दोन-दोन मिलिमीटरच्या पट्ट्या कापून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतो. खरा निकाल त्या टेबलावर लागतो. जठराच्या गाठीनं जोडथरात ५०० मायक्रॉन, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहून जास्त खोली गाठली असेल, तर आसपासच्या लसिकाग्रंथींत पेशी पोचल्या असण्याची शक्यता वाढते आणि मोठ्या शस्त्रक्रियेचा विचार करावा लागतो. अन्ननलिकेत ही मर्यादा २०० मायक्रॉनवरच येते, कारण तिथं लसिकावाहिन्यांचं जाळं अस्तराच्या फार जवळ पोचलेलं असतं. एका मिलिमीटरचा पाचवा हिस्सा! त्याच्या अलीकडे माणूस चार दिवसांत घरी येतो. पलीकडे गेलं तर पुष्कळदा छाती-पोटाची शस्त्रक्रिया करून, अन्ननलिका काढून, जठराची नळी करून ती गळ्यापर्यंत ओढून घ्यावी लागते. तीही शस्त्रक्रिया जीव वाचवते, मी तिला कमी लेखत नाही. पण त्यानंतर आयुष्यभर थोडं थोडं खावं लागतं, उशाशी उंच करून झोपावं लागतं. ज्यांना ते टाळता आलं असतं त्यांच्यासाठी मला वाईट वाटतं.

सगळ्याच गाठी अस्तरातून उगवत नाहीत. काही स्नायूच्या थरात वाढतात आणि वरून अस्तर जसंच्या तसं असतं, गोधडीखाली लिंबू ठेवावं तशा दिसतात. अन्ननलिकेतली लायोमायोमा ही त्यातली साधी गाठ. जठरात आढळणारी 'जिस्ट' मात्र पुढं त्रासदायक ठरू शकते. या गाठींसाठी बोगद्याची युक्ती आली. योकोहामाचे हारुहिरो इनोउए यांनी २००८ साली गिळण्याच्याच एका वेगळ्या विकारासाठी, अॅकॅलेशियासाठी, अस्तराखालून बोगदा काढून स्नायू कापला. शांघायच्या डॉक्टरांनी तीच वाट गाठीकडे वळवली. गाठीच्या पाचेक सेंटीमीटर वर अस्तराला छोटा छेद द्यायचा, जोडथरातून दुर्बीणच आत घालायची, पोखरत गाठीपर्यंत जायचं, ती सोडवून त्याच वाटेनं आणायची आणि तोंड क्लिपांनी बंद करायचं. गाठीवरचं अस्तर शाबूत राहतं, त्यामुळे भिंतीला आरपार भोक उरत नाही. गाठ साडेतीन-चार सेंटीमीटरपेक्षा मोठी असेल तर मात्र ती घशातून बाहेर येणं अवघड. ड्युओडेनमविषयी थोडक्यात एवढंच, की तिथली भिंत अतिशय पातळ असते आणि काढलेल्या जागेवर पित्त आणि स्वादुपिंडाचा रस सतत पडत राहतो. दोन दिवसांनीही भोक पडू शकतं. तिथं फार अनुभवी हातच हवा.

धोके इतरत्रही आहेत आणि ते लपवणारं पुस्तक मी लिहिणार नाही. रक्तस्राव होतो, कधी भिंतीला भोक पडतं. बहुतेक वेळा दोन्ही दुर्बिणीतूनच आवरता येतात, क्वचित पोट उघडावं लागतं. अन्ननलिकेच्या घेराचा तीन-चतुर्थांशाहून जास्त भाग सोलला, तर जखम भरताना नलिका आवळते आणि घास अडकू लागतो. मग स्टेरॉइडची इंजेक्शनं आणि फुग्यानं रुंद करणं आलं. आणि अस्तराचा उरलेला भाग त्याच तंबाखूत मुरलेला असल्यामुळे नवा डाग उगवू शकतो. म्हणून दुर्बिणीच्या फेऱ्या संपत नाहीत.

तंबाखूवर वेगळं प्रकरण आहे, पण एक गोष्ट इथंच सांगतो, कारण ती माझ्या गावाशी जोडलेली आहे. मुंबईत १९६३ साली कॅन्सरची लोकसंख्यावार नोंदणी सुरू झाली, देशातली पहिली. ती उभी करणारे डॉ. दाराब जस्सावाला यांनी सहकाऱ्यांसह १९७० साली पारशी समाजातला कॅन्सर आणि बाकी मुंबईतला कॅन्सर यांची तुलना प्रसिद्ध केली. पारशांत तोंडाचा, घशाचा, अन्ननलिकेचा कॅन्सर इतरांपेक्षा कमी होता. अग्नी त्यांना पवित्र, म्हणून धूम्रपान धर्मानं वर्ज्य. लॅम रोडवरच्या ज्या व्हरांड्यांत पारशी कुटुंबं हवा खायला बसत, त्याच व्हरांड्यांची झाडलोट करणाऱ्या आमच्या बाया दातांना मिश्री लावत होत्या, आणि तिकडं सिन्नरात घरोघर विड्या वळल्या जात होत्या. एकाच हवेत राहणाऱ्यांच्या अन्ननलिका मात्र वेगवेगळ्या राहिल्या.

आमच्याकडे 'त्याला टाटाला नेलंय' असं म्हटलं की ऐकणारा आवाज खाली करतो. परळचं टाटा रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ पासून लोकांना बरं करत आलंय, तरी त्या वाक्यात शेवट ऐकू येतो. कारण आपण तिथं नेतोच उशिरा. या वाक्याचा आवाज मला वर आणायचाय. पन्नाशीनंतर नव्यानं सुरू झालेली जळजळ, कारण नसताना उतरणारं वजन, काळी डांबरासारखी शौच, रक्त कमी भरणं, आणि घास एकदाही अडकला तर तो एकच घास: यांतलं काहीही असेल तर दुर्बीण टाकून घ्या. ज्यानं वर्षानुवर्षं विडी, मिश्री, तंबाखू, दारू घेतलीय, ज्याच्या तोंडाचा कॅन्सर निघालाय, त्यानं त्रास नसतानाही डॉक्टरांना विचारावं. तपासाला पाच-दहा मिनिटं लागतात. घशात फवारा मारतात, उमाळे येतात, डोळ्यांत पाणी येतं, आणि संपतं. घरातल्या लोकांना मी आणखी एक विनवतो. आई, आजी, मावशी जेवायला बसली की तिच्या ताटात काय आहे ते पाहा. भाकरी कधीपासून सुटली, ते तिला विचारा.

ते निवृत्त गृहस्थ मुंबईहून परतले, त्या गोष्टीला आता तिसरं वर्ष. पहिले काही दिवस पातळ पदार्थ, मग मऊ भात, मग भाकरी. त्यांचा पापुद्रा कडांपर्यंत स्वच्छ निघाला. मागच्या तपासणीत आयोडीन फवारल्यावर सगळी अन्ननलिका एकसारखी तपकिरी झाली. जुन्या जागी फक्त एक फिकट वण आहे. मी त्यांच्या घरी गेलो तेव्हा ते शेंगदाण्याच्या चटणीबरोबर बाजरीची भाकरी खात होते. मागं भिंतीवर कालनिर्णय होतं. त्यांच्या मुलीनं पुढच्या महिन्याचं पान उलटून दाखवलं. एका तारखेभोवती लाल पेनानं गोल करून आत लिहिलं होतं: 'बाबा – दुर्बीण'.